बादलीतला हात

"बोटं मिटू का पसरून ठिवू, सर?" सोपानने विचारलं.

"पसरा. आशीर्वाद देतात तशी."

"मी कवा कुणाला आशीर्वाद दिलाय?"

"मग पोरांना 'थांबा रे' म्हणताना करता, तसा करा."

सोपानने तसा पंजा केला. सोपान वाघमोडे हा आमच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेचा परिचर. वय पंचेचाळीसच्या आसपास, पंजा सुपाएवढा. मी त्या पंजाला कोपरापर्यंत खोबरेल तेल चोळलं. तो लाजला. एका प्राध्यापकाने आपल्या हाताला तेल लावावं हे त्याला पटत नव्हतं. पुढच्या पाऊण तासात मी त्याच्याशी जे काही केलं, त्यातली एवढीच एक गोष्ट त्याला खटकली.

त्या वर्षी आमच्या संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब पंच्याहत्तर वर्षांचे होणार होते. त्यांचा पूर्णाकृती पुतळा बसवायचं आधी ठरलं होतं. पण जिवंत माणसाचा पुतळा बरा दिसत नाही असं त्यांच्याच पत्नीने सांगितल्यामुळे तडजोड म्हणून फक्त हात बसवायचं ठरलं. नव्या विज्ञान इमारतीच्या दारात, आशीर्वाद देणारा, मनगटाच्या थोडा खालपर्यंत. कोल्हापूरच्या मूर्तिकाराने सहा आठवडे मागितले. समारंभ तीन आठवड्यांवर होता. प्राचार्य उंडे यांनी मला बोलावून घेतलं.

"शेवडे, प्लास्टर ऑफ पॅरिस तुमच्याच विषयात येतं ना?"

येत होतं. मी अकरावी-बारावीला स्थायू अवस्था शिकवायचो. स्फटिकी आणि अस्फटिकी, कठीण आणि ठिसूळ, सगळं वहीत लिहून द्यायचो. प्लास्टरवर माझ्याकडे एक तयार परिच्छेद होता: पाणी मिसळले असता या भुकटीचे जिप्समच्या सुईसारख्या स्फटिकांत रूपांतर होते, हे स्फटिक एकमेकांत गुंततात, पदार्थ कठीण होतो, किंचित प्रसरण पावतो आणि थोडी उष्णता बाहेर पडते. चार वर्षं मी हा परिच्छेद सांगत होतो आणि चार वर्षं मुलं तो उतरवून घेत होती. दोन गुणांना यायचा. स्वतः मी जन्मात प्लास्टर भिजवलेलं नव्हतं. आमच्याकडे तो प्रयोग जर्नलमध्येच व्हायचा.

"येतं, सर," मी म्हणालो.

"मग झालं तर."

मला 'नाही' म्हणता आलं असतं का? माझ्या नेमणुकीच्या मान्यतेची फाइल नानासाहेबांच्या टेबलावर चार वर्षं पडून होती. ती फाइल उघडायची म्हणजे त्यांना हात हलवावा लागणार होता. त्या हाताबद्दल मी कशालाच 'नाही' म्हणालो नसतो.

नानासाहेबांच्या हातावर एकदम प्रयोग करायची छाती कुणाचीच नव्हती. म्हणून आधी एक नमुन्याचा साचा करून त्यांना दाखवायचा, त्यांना पसंत पडला की मग त्यांचा हात घ्यायचा, असं ठरलं. ते साडेतीनला येणार होते. सोपानचा पंजा नानासाहेबांच्याएवढाच रुंद आहे, हे प्राचार्यांनीच हेरलं होतं.

जानेवारीतला शनिवार होता. कॉलेज सुटलेलं, प्रयोगशाळेत आम्ही दोघंच. निळ्या प्लास्टिकच्या बादलीत मी दहा किलो भुकटी भिजवली. थंडीत माणसाच्या हाताला गार लागू नये म्हणून पाणी कोमट घेतलं. मिठाने प्लास्टर लवकर जमतं असं कुठल्याशा पुस्तकात वाचलेलं होतं, म्हणून दोन मुठी मीठही टाकलं. या दोन्ही गोष्टींचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. पहिलीत माणुसकी होती, दुसरीत वाचन.

दोन पस्तीसला सोपानने हात बादलीत घातला. भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोरच होतं. मी नोंद घेत होतो, प्रयोगाला शोभेल अशी.

"कसं वाटतंय?"

"शिरखंडात हात घातल्यागत."

"हलायचं नाही. बोटं हलली की साचा बिघडतो."

"न्हाई हलत."

तो स्टुलावर बसला होता, बादली दुसऱ्या स्टुलावर. डाव्या हाताने त्याने बादलीचा काठ धरला होता. वेळ जावा म्हणून मी त्याला आत काय चाललंय ते समजावून सांगितलं. सुईसारखे स्फटिक वाढतायत, एकमेकांत गुंततायत, वगैरे.

"म्हंजी आत सुया हायत?"

"सूक्ष्म. दिसत नाहीत."

"माझ्या हाताभवती?"

"सगळीकडे."

त्याने बादलीत डोकावून पाहिलं आणि परत माझ्याकडे. "पयलं न्हाई सांगितलं ते," तो म्हणाला आणि हसला. मीही हसलो. दोन अडतीस झाले होते.

"सर, गरम व्हाया लागलंय."

"होणारच. थोडी उष्णता बाहेर पडते."

"थोडी न्हवं. चांगलंच लागतंय. काढू का हात?"

मी काठीने वरचं प्लास्टर टोचून पाहिलं. दह्यासारखं होतं, थरथरत होतं.

"आता नको," मी म्हणालो. "या वेळी ओढलात तर कातडी सोलून निघेल. पूर्ण घट्ट झालं की ते आपोआप सुटतं."

"असं व्हय?" सोपान म्हणाला. "मग ऱ्हाऊ द्या."

मी घड्याळाकडे पाहत राहिलो. दोन चाळीस. एकेचाळीस. बाहेर व्हॉलीबॉलच्या मैदानावर कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. सोपानच्या कपाळावर घाम आला. जानेवारीत. तो घाम मला दिसला, पण मी त्याची नोंद घेतली नाही.

बादलीला हात लावला आणि मागे घेतला. बादली बाहेरून तापली होती. प्लास्टिकच्या बादलीतून बाहेर चटका बसत असेल तर आत किती असेल, हा प्रश्न बारावीच्या मुलालाही पडला असता. मी काठी प्लास्टरवर आपटली. टक्क असा आवाज आला. प्लास्टरचा दगड झाला होता.

"सोपानराव, हात काढा."

"आता काढू?"

"काढा, काढा!"

त्याने ओढला. बादली हातासकट वर आली आणि स्टुलावर आपटली. त्याच्या तोंडातून एक आवाज निघाला. तसा आवाज मी माणसाच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता. मी बादली दोन्ही पायांत धरली, तो उभा राहून ओढू लागला. हात तसूभर हलला नाही. पसरलेली पाच बोटं पाच खिळ्यांसारखी आत अडकली होती आणि प्लास्टर किंचित प्रसरण पावून त्यांना आवळत होतं. परिच्छेदात लिहिल्याप्रमाणे सगळं होत होतं. फक्त 'थोडी' आणि 'किंचित' हे दोन शब्द कुणाच्या हाताला लावून ठरवले होते, ते परिच्छेदात नव्हतं.

"पाणी वता, सर! पाणी!"

मी नळाखालून पाणी आणून ओतलं. ते वरच्या वर वाहून गेलं. दगडावर ओतलेलं पाणी दगडाच्या आत जात नाही. मी तरी चार वेळा ओतलं. माझा चष्मा ओला झाला होता, आणि सोपान डोळे मिटून "आई... आई गं..." असं हळू, अगदी हळू म्हणत होता. ओरडत नव्हता. खालच्या मजल्यावर प्राचार्यांचं ऑफिस होतं.

मी कपाट उघडलं. लोखंडी खलबत्त्यातला बत्ता काढला, गॅसच्या खोलीतून प्लंबरची छिन्नी आणली. बादली सुरीने कापून सोलून काढली. आत पांढराशुभ्र, गुळगुळीत, वाफाळणारा गोळा. त्यातून सोपानचा हात वर आलेला. बोटं आत कुठे आहेत ते बाहेरून काहीच कळत नव्हतं.

मी छिन्नी टेकवली आणि तेवढ्यात दारात प्राचार्य उंडे आले.

"झाला का साचा? अरे वा! झकास!" मग त्यांना माझ्या हातातला बत्ता दिसला. "हे काय करताय?"

"सर, हात अडकलाय. भाजतोय त्याचा हात."

"भाजतोय म्हणजे?" त्यांनी गोळ्याला बोट लावलं आणि झटकलं. "हो, गरम आहे खरा. पण फोडू नका हो! नानासाहेब वेळेआधीच घरून निघालेत, आत्ताच फोन आला. पाच-दहा मिनिटांचा प्रश्न आहे. गार झालं की निघेल ना?" मग सोपानकडे वळून म्हणाले, "काय सोपान, काढशील ना कळ?"

सोपानने डोळे उघडले. त्याने प्राचार्यांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

मला सांगायला लाज वाटते, पण मी थांबलो. छिन्नी टेकवलेलीच होती, बत्ता वर उचललेला होता, आणि मी थांबलो. किती वेळ ते घड्याळाने नंतर सांगितलं: दोन सत्तेचाळीस ते दोन एकोणपन्नास. त्या दोन मिनिटांत एक विचार माझ्या डोक्यात स्वच्छ येऊन गेला, की हा हात नानासाहेबांचा असता आणि ते नुसतं 'कोमट लागतंय' म्हणाले असते, तरी मी ही बादली दातांनी फोडली असती.

"मारा, सर," सोपान म्हणाला.

"बोटं कुठं आहेत?"

"आंगठा तुमच्याकडं. करंगळी खिडकीकडं. मारा."

मुलांना मी सांगत असे की स्फटिक वाटेल तसा फुटत नाही, ठरलेल्या पातळीतच दुभंगतो. ते वाक्य एका अखंड स्फटिकाबद्दल होतं. इथे कोट्यवधी स्फटिक एकमेकांत गुंतले होते आणि प्रत्येकाची पातळी निराळी होती. तडा कुठे जाईल, छिन्नी कुठे घुसेल, देवाला ठाऊक. मी पहिला घाव इतका भीत घातला की गोळ्यावर नुसता ओरखडा उठला.

"जोरात," सोपान म्हणाला.

"बोटाला लागेल हो."

"लागू द्या. बोट हाय का न्हाई तेच कळंना झालंय."

"शेवडे, जबाबदारी तुमची," प्राचार्य म्हणाले आणि नानासाहेबांना फाटकाशीच थोपवायला खाली गेले. ते गेल्यावर मी जोरात मारला. दुसऱ्या घावाला कोपऱ्यातून एक खापरी उडाली, चौथ्याला गोळ्याच्या मधोमध एक केसासारखी रेघ गेली, आणि सहाव्याला तो दोन तुकडे होऊन फरशीवर पडला. दोन बावन्न.

हात बाहेर आला. तो लाल असेल, त्यावर फोड असतील, अशी माझी अपेक्षा होती. अंगठा आणि मधली बोटं तशीच होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र पांढरं होतं. प्लास्टर लागलंय असं समजून मी ते नळाखाली धुतलं. ते प्लास्टर नव्हतं.

सरकारी दवाखाना कॉलेजपासून दीड किलोमीटरवर. मी त्याला स्कूटरवर मागे बसवून नेलं. त्याने हात ओल्या पंच्यात गुंडाळून वर धरला होता.

"सर," तो माझ्या कानाशी म्हणाला, "डॉक्टरला सांगू, चहाचं आधण सांडलं."

"आधणाने असं होत नाही."

"मग प्लास्टरच सांगू. पर लगीच काढला म्हणायचं. तुमची फाइल हाय नानासायबांकडं. मला सगळं म्हाईत हाय."

मी स्कूटर चालवत होतो, त्यामुळे उत्तर द्यायची गरज पडली नाही.

ड्युटीवर डॉ. अत्तार नावाच्या तरुण बाई होत्या. त्यांनी पंचा सोडला, हात उजेडाकडे वळवून पाहिला आणि विचारलं, "गरम लागायला लागल्यावर किती वेळ आत होता?"

मी बोलायच्या आत सोपान म्हणाला, "लगीच काढला, बाई. मिनिटभर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मान हलवणं हे बोलण्यापेक्षा खोटं नसतं, असं मला तेव्हा वाटलं असावं.

"मिनिटभर असेल तर वरवरचं असेल," त्या म्हणाल्या. "पण ही दोन बोटं मला आवडत नाहीत. जास्त वेळ असता तर मी इथं ठेवलाच नसता, सरळ मिरजेला पाठवला असता, आत्ताच्या आत्ता. काका, तिकडं बघा. मी सुई टोचते. टोचलेलं कळलं की सांगा. खरं सांगायचं. दुखलं तर चांगलं आहे."

सोपानने तोंड भिंतीकडे वळवलं. भिंतीवर कुटुंब नियोजनाचं चित्र होतं. डॉक्टरबाईंनी सुई करंगळीच्या टोकाशी नेली.

"कळतंय," सोपान म्हणाला.

सुई अजून बोटाला लागलेली नव्हती.

बाईंच्या ते लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही. त्या खाली वाकल्या होत्या. मी मात्र समोर उभा होतो. सुईचं टोक आणि त्याचं बोट यांत चांगलं बोटभर अंतर होतं, आणि तो भिंतीकडे बघत पुन्हा म्हणाला, "लई दुखतंय, बाई. कळतंय की."

मग सुई लागली. खोल लागली, पांढऱ्या कातडीत रुतलेली मला दिसली. सोपान चित्राकडे पाहत राहिला. त्याला वाटलं, अजून टोचायचीच आहे.

मी आयुष्यात पुष्कळ वेळा भ्यालो आहे. पण त्या टेबलाशी जे भय वाटलं ते निराळं होतं. तोवर मी फाइलीला भीत होतो, प्राचार्यांना भीत होतो, छिन्नी घसरेल म्हणून भीत होतो. आता मला या माणसाची भीती वाटली. मी गप्प राहिलो तर हा माझ्यासाठी मनगटापर्यंत 'कळतंय' म्हणत जाईल, याची.

"चौदा मिनिटं," मी म्हणालो.

"काय?"

"एक मिनिट नाही. चौदा. दोन अडतीसला तो गरम लागतंय म्हणाला. दोन बावन्नला काढला. मी घड्याळ बघत होतो."

सोपानने झटकन मान वळवली. "सर, गप बसा की!"

डॉक्टरबाई सरळ उभ्या राहिल्या. "चौदा मिनिटं? आणि काढला का नाही? सुरुवातीला ओलंच असेल ना ते?"

"आवो, सरांनीच काढू दिला न्हाई," सोपान घाईघाईने म्हणाला. माझी बाजू घ्यायला. "तवा काढला असता तर समदी कातडी सोलून निघाली असती. सरांच्या ध्यानात आलं म्हणून बरं."

"असं कुठं असतं?" बाई मला म्हणाल्या.

असं कुठेही नसतं. कुठल्याही पुस्तकात नाही, माझ्या परिच्छेदात नाही. दोन अडतीसला ते प्लास्टर दह्यासारखं होतं आणि हात सहज, सुळकन, तेलकट आणि थोडासा लाल असा बाहेर आला असता. बाहेर आला असता तर साचा मोडला असता, आणि दुसऱ्या साच्यापुरती भुकटी नव्हती, आणि नानासाहेब साडेतीनला येणार होते. कातडीचं मी त्या क्षणी रचलं. फार विचारही करावा लागला नाही. चार वर्षं मी न पाहिलेल्या गोष्टी ठाम आवाजात सांगत होतो, ही त्यातली आणखी एक.

"मला तसं वाटलं," मी बाईंना म्हणालो.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग त्यांना वेळ नव्हता. "काका, इकडं बघा. आता डोळ्यांनी बघा. टोचतेय. कळतंय?"

सोपानने सुईकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"खरं सांगा," मी म्हणालो.

"न्हाई," तो म्हणाला. "कायबी कळत न्हाई."

तासाभरात दवाखान्याची गाडी मिळाली. मिरजेपर्यंत तो माझ्याकडे पाठ करून बसला. माझा डाव त्याने बरोबर मांडला होता आणि मी तो मूर्खासारखा उधळला, याचा त्याला खराखुरा राग आला होता. करंगळी आणि शेजारचं बोट गेलं. तीन वाचली. तिथले डॉक्टर म्हणाले, पट्टी बांधून घरी नेला असता आणि दोन दिवसांनी आणला असता, तर पंजाच काढावा लागला असता.

नोकरी माझी सुटली, सोपानची राहिली. नानासाहेबांचा हात शेवटी मूर्तिकाराने केला, समारंभ उलटून गेल्यावर. मी पुढे दुसऱ्या जिल्ह्यात लागलो, तिथेही स्थायू अवस्थाच शिकवतो. वर्षा-दोन वर्षांनी सोपानच्या गावी जातो. आता तो निवृत्त झालाय. ओसरीवर कुणी नवा माणूस बसलेला असला की सोपान आपला पंजा त्याच्यासमोर धरतो आणि मला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात सांगतो.

"हे आमचं सर. तवा मी अडाण्यागत हात ओढाय निघालो व्हतो. यांनी ओढू दिला न्हाई. म्हणून ही तीन ऱ्हायली."

नवा माणूस माझ्याकडे आदराने बघतो. सोपानची बायको चहा आणते. मी चहा घेतो.

त्याची ही समजूत मी अजून दुरुस्त केलेली नाही.